त्याच काळाचं ग्राफिक्स कार्ड

जुना कॉम्प्युटर जुळवायला घेतला की धूळ निघते त्याच्या दुप्पट किस्से निघतात. आम्ही तिघं शाळेपासूनचे दोस्त. मी पेणचा. निलेश खाडीकाठच्या गावातला, डोलवीला स्टीलच्या कंपनीत शिफ्टला जातो. समीरचं रोह्यात कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान. आम्ही ठरवलं, शाळेत असताना ज्याच्यावर गेम खेळलो तस्साच पीसी बनवायचा! डबडा मॉनिटर मिळाला, मदरबोर्ड मिळाला. राहिलं फक्त ग्राफिक्स कार्ड. आणि समीरची अट एकच, "कार्ड त्याच काळातलं पायजे. नवं चालणार नाय!"

*

पहिलं कार्ड निलेशने आणलं. जुनंच, पण आमच्या बोर्डापेक्षा चार-पाच वर्षांनी तरुण. स्लॉटमध्ये जाईना. खाच जुळत नव्हती.

निलेश म्हणाला, "थांब, कानस मारून बसवतो."

समीरने दोन्ही हात बोर्डावर आडवे घातले. "जबरदस्तीने बसवलंस तर बोर्ड जळंल! हा तुझ्या कंपनीतला पत्रा नाय!"

*

दुसरं कार्ड खाचेत बसलं, गेमही सुरू झाला. धुक्यातल्या बंदरात शत्रूच्या होड्या शोधायचा आमचा लाडका गेम. पण कार्ड नवं असल्यामुळे त्याला जुन्या पद्धतीचं धुकंच दाखवता येईना! लांबच्या होड्या उन्हात वाळत घातल्यासारख्या दिसत होत्या.

निलेश खूश. "सगळं लख्ख दिसतंय की!"

मी म्हटलं, "अरे, मग आता घाबरायचं कशाला?"

कार्ड काढलं.

*

खांब गावात एका काकांचं सायबर कॅफे होतं, कधीच बंद पडलेलं. त्यांच्या माळ्यावर हवं तेच कार्ड सापडलं! काकांनी ते टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

समीरने विचारलं, "काका, चालू हाय ना?"

"बंद केलं तेव्हा चालू होतं!"

हायवेचे खड्डे चुकवत समीर बाईक हाणतोय आणि मी मागे कार्ड छातीशी धरून. वडखळला ट्रॅफिकमध्ये शेजारच्या रिक्षातल्या बाईंनी विचारलं, "बाळ किती दिवसांचं हो?"

*

निलेशच्या घरी कार्ड बसवलं, बटण दाबलं. स्क्रीन काळीच! आतून नुसतं टूंऽऽ टूं टूं. निलेशचा चेहरा पडला. समीरने शांतपणे कार्ड काढलं, पिना खोडरबरने घासल्या, परत बसवलं.

चित्र आलं!

आम्ही तिघं असे ओरडलो की निलेशची आई मागच्या दारातून धावत आली. "काय झाला रं? कोनाला शॉक लागला?"

*

आईचं सगळं आयुष्य मिठागरात गेलं. आमच्या गेमकडे तिने कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ती पदराला हात पुसत मॉनिटरसमोरच थांबली. धुकं होतं, बंदर होतं, मधोमध आमची होडी होती, आणि पाणी! शाळेत असताना पाहिलेलं, हलणारं, खालचा तळ दिसणारं पाणी.

आईने वाकून विचारलं, "ह्यो पानी खारा हाय का गोड?"

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. शेवटी समीरच म्हणाला, "खारं हाय, काकी."

"मंग होरी अशी मधीच काय सोरलीस रं? ओहोटी लागली का चिखलात बसंल ती."

निलेशने कीबोर्ड जवळ ओढला आणि होडी हळूहळू धक्क्याला नेऊन लावली.