वानगीचा तुकडा आणि शाळेची दारे

आप्पांची आणि माझी पहिली भेट माझ्या अर्जामुळे झाली. बेळगावच्या लाकूडवखारीत कारकून हवा असल्याचे कळले, म्हणून मराठी पाचवीवर शाळा सोडलेला मी अर्ज घेऊन गेलो. श्रीयुत भरमाप्पांनी, म्हणजे आम्हा सर्वांच्या आप्पांनी, तो दोनदा वाचला.

"एकबी खाडाखोड न्हाय रं! किती येळा लिवलास?"

"सात वेळा."

"ये उद्यापास्नं. लाकडाला तुझ्यागत भित्रा माणूस लागतोय."

आज आप्पांना साठ वर्षे पूर्ण होत असताना त्यांच्याविषयी लिहिण्याचा मान मला मिळाला आहे.

तरुणपणी वनखात्याच्या नोकरीत उत्तरेकडे राहून आप्पा लाकूड सुकवण्याचे शास्त्र शिकले. ते परतले तेव्हा इथले सुतार हसत. "लाकूड उन्हात टाकलं की वाळतंय. त्याला शिकायचं काय?" आप्पा वाद घालत नसत. उन्हात पिळवटलेली एक फळी आणि सावलीत सुकवलेली एक फळी ते सुतारांपुढे ठेवीत आणि आपल्या कामाला लागत.

त्यांची रीत साधी आहे. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशी थप्पी सावलीत रचायची. थप्पीच्या पोटात त्याच लाकडाचा एक वानगीचा, म्हणजे नमुन्याचा, तुकडा ठेवायचा. दर सोमवारी तो तोलायचा आणि होता तिथेच परत ठेवायचा. त्याचे वजन उतरायचे थांबले, की थप्पी सुकली. हे काम आप्पांनी माझ्यावर सोपवले.

चिकोडीकडच्या एका गावाने मुलींच्या नव्या शाळेसाठी सागवानी दारे सांगितली होती. त्या थप्पीच्या तुकड्याला धूळ लागू नये, वजनात गुंजभरही फरक पडू नये, म्हणून मी तो फडक्यात गुंडाळून कचेरीच्या कपाटात ठेवू लागलो. वजन उतरायचे थांबताच मी थप्पी सुकल्याचे सांगितले. दारे बसली. उन्हाळ्यात फळ्या आकसल्या आणि बोटबोट फटी पडल्या. येणारे-जाणारे वर्गात डोकावू लागले. आधीच कुरकुरणाऱ्या पालकांनी मुलींना घरी बसवले.

गावचे पाटील चार माणसे घेऊन वखारीत आले. "आप्पा, साळंला दारं दिलासा का चाळणी? पोरी येईनात!"

मी वही घेऊन उभा होतो. आप्पांनी वही पाहिली, मग उघड्या कपाटात फडक्यात गुंडाळलेला पुढच्या थप्पीचा तुकडा पाहिला. सारे त्यांच्या ध्यानात आले.

"चूक माझी हाय, पाटील," ते म्हणाले. "दारं बदलून देतो."

मंडळी गेल्यावर मी म्हणालो, "आप्पा, मला कामावरून काढा."

"काढून काय करू? कपाटात तुकडा सुकला, थप्पी ओलीच ऱ्हायली. तुकडा जपलास, पण लाकडासंगं ऱ्हाऊ दिला न्हाईस. जा, ह्यो तरी त्याच्या थप्पीत ठेव."

वही त्यांनी माझ्याच हाती परत दिली.

स्वतःच्या घराच्या दारासाठी आप्पांनी बारा वर्षे सुकवलेला साग राखून ठेवला होता. तो गाडीत घालून ते त्या गावी गेले आणि नवी दारे बसेपर्यंत शाळेच्या पायरीवर बसून राहिले. मुली परत आल्या. आप्पांच्या घराला मात्र अजून आंब्याच्या फळ्यांचेच दार आहे.

आप्पांच्या साठीच्या या समारंभाला त्या गावची मंडळी येणार आहेत. ती चूक आप्पांची होती असेच ते आजवर समजतात. हा लेख मी नऊ वेळा लिहिला आणि दर वेळी हा भाग गाळावा असे वाटले. गाळलेला नाही. चूक माझी होती.

गेल्या आठवड्यात खानापूरकडून आलेल्या सागाची एक थप्पी आम्ही आप्पांच्या घराच्या दारासाठी रचली आहे. वानगीचा तुकडा तिच्या पोटातच आहे. लाकूड जाड आहे, सुकायला बरीच वर्षे लागतील. आप्पांना असे उदंड, निरोगी आयुष्य लाभो, की त्या तुकड्याचे शेवटचे वजन त्यांनी आपल्या हाताने करावे आणि त्या दारातून पुढे कितीतरी वर्षे रोज सकाळी वखारीकडे निघावे.