सोबत राहण्याचा तक्ता

मागच्या वर्षी होळी झाल्यावर मी एक तक्ता केला. तीन महिने राहायला समुद्रकाठच्या सहा जागा आणि प्रत्येकीपुढे चार रकाने: तापमान, इंटरनेट, समुद्र किती लांब, आणि खोलीला स्वतंत्र दार आहे की नाही. दाराचा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटत होता.

आई जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. नागपूरला हुडकेश्वरच्या घरात बाबा आणि मी, दोघंच. माझं काम लॅपटॉपवरचं, कंपनी बंगळूरची. कुठूनही करा म्हणतात, म्हणून मी ते मागच्या खोलीतून करत होते. कोणी विचारलं तर बरी आहे म्हणायचे आणि ते खोटंही नव्हतं. झोप लागत होती, काम वेळेवर जात होतं, रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं. गाणं लावलं की नुसता आवाज यायचा. जेवणाची तर चवच गेली होती, वरण आणि भाजी डोळे मिटून खाल्ली असती तर वेगळी ओळखू आली नसती. दुःखात तोंडाची चव जाते म्हणतात, तशी आपली गेली, असं मी धरून चालले.

स्वयंपाकाला मावशी यायच्या. आईनेच आजारपणात त्यांना लावलं होतं आणि पलंगावर पडल्या पडल्या काय कसं करायचं ते शिकवलं होतं. त्या सकाळीच सगळं करून जायच्या. मग मी माझं ताट घेऊन लॅपटॉपसमोर, बाबा त्यांचं घेऊन टीव्हीसमोर. मोरीत धुतलेलं ताट दिसलं की समजायचं, बाबा जेवले.

पळायचं कारण होतं उन्हाळा. नागपूरच्या उन्हाळ्यात घराला एकच खोली असते, कूलरची. एप्रिल ते जून आम्ही तिघं तिथेच झोपायचो, तिथेच सतरंजीवर जेवायचो. ओल्या वाळ्याचा वास, आणि कूलरचा आवाज एवढा की भाजी वाढ म्हणायलाही ओरडावं लागे. होळी झाली की आई माणूस बोलावून कूलरचं गवत बदलून घ्यायची, आणि तो जाईपर्यंत त्याच्या डोक्यावर उभी राहायची. त्या वर्षी होळी होऊन गेली आणि कूलर गच्चीवर प्लास्टिकखालीच होता. बाबा त्याचं नाव काढत नव्हते, मीही नाही. त्या खोलीत दोघांनी बसायचं ही कल्पनाच मला नको होती. तीन महिने कुठेतरी जायचं, जिथे मला कोणी ओळखत नाही, एवढंच हवं होतं. बाबांचं काय, याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं: काटोलला आत्याकडे. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आत्याला फोन करून परस्पर नाही सांगितलं. म्हणजे मी गेले तर आईशिवायचा पहिला अख्खा उन्हाळा ते या घरात एकटे काढणार होते. मला हे कळत होतं. वाईट वाटायला हवं होतं, तेही कळत होतं.

केरळातल्या वर्कल्याच्या जागेचा मॅनेजर फोनवर काळजीने म्हणाला, "मॅडम, अप्रैल में बहुत गर्मी होती है, चौंतीस तक जाता है." मी चौतीसपुढे 'थंड' असं लिहिलं. आमच्याकडे चौतीस म्हणजे फेब्रुवारी.

"आकड्यावर नको जाऊ," बाबा मागून म्हणाले. "तिथं हवेतच पाणी असते. घाम वाळत नाई. कूलर तं कामाचाच नाई तिथं." पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केल्यामुळे पाण्याबद्दल शेवटचा शब्द आपलाच, असं त्यांना वाटतं. कूलर हा शब्द घरात दहा महिन्यांनी उच्चारला गेला होता.

मग त्यांनी विचारलं, "हे कोलिव्हिंग म्हणजे काय असते वं?"

मी सांगितलं. अनोळखी लोक एका घरात राहतात. खोल्या वेगळ्या, स्वयंपाकघर एक. ज्याचं काम तो करतो, ज्याचं जेवण तो जेवतो, कोणी कोणाला काही विचारत नाही.

बाबांनी चष्मा काढून पुसला. "मंग आपण दोघं काय करून राहिलो?"

टोमणा असता तर मी भांडले असते. टोमणा मारणं त्यांना जमतच नाही, ते खातं आईचं होतं. ते खरोखर विचारत होते. मी म्हटलं, "तिथं समुद्र आहे, बाबा."

"हौ, ते हाये," ते म्हणाले. आणि मग, "मले हे कागदावर काढून दे. मोबाइलवर मले दिसत नाई."

सोमवारपर्यंत जागा पक्की करायची होती. गुरुवारी मी त्यांना तक्ता छापून दिला. दोन दिवस तो पुढच्या खोलीत होता. अधूनमधून बाबांचं हिंदी ऐकू यायचं, कुणाला तरी फोनवर मोठ्याने विचारत असायचे. मी कानाला हेडफोन लावले. म्हातारा माणूस आहे, भाव करत असेल, असं वाटलं.

शनिवारी दुपारी मी काम करता करता जेवत होते. बाबा आत आले, कागद माझ्या ताटाशेजारी ठेवला, हेडफोनमधूनही ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "मालवणचं घे." आणि गेले.

पट्टी धरून पेन्सिलीने त्यांनी एक रकाना वाढवला होता. वर ऑफिसच्या अक्षरात लिहिलं होतं: सोबत जेवतात का? खाली सहाही जागांची उत्तरं. वर्कला: आपापले. गोकर्ण: आपापले, चहा सोबत. पुद्दुचेरी: माहीत नाही म्हणाला. गोव्याच्या दोन्ही जागा: आपापले. मालवण: हो, आठ वाजता, बाई हाक मारते.

त्याखाली त्यांनी सातवी ओळ आखली होती. हुडकेश्वर. तापमान ४५. इंटरनेट बरे. समुद्र नाही. दार आहे. शेवटच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. पेन्सिल टेकवून उचलल्याचा एक ठिपका होता फक्त.

मी त्या ठिपक्याकडे पाहत राहिले. छातीत काही हललं असं लिहायला बरं वाटलं असतं, पण तसं झालं नाही. मी हेडफोन काढले, आणि घरात आवाज आहे हे तेव्हा लक्षात आलं. कूलर चालू होता. कधी माणूस आला, कधी गच्चीवरून कूलर खाली उतरला, कधी गवत भरलं, मला पत्ता नव्हता. एका घरात राहून.

मी अर्धं जेवलेलं ताट उचललं आणि कूलरच्या खोलीत गेले. बाबा सतरंजीवर बसून जेवत होते. टीव्ही बंद होता. त्यांनी पेपर उचलून जागा केली. आम्ही जेवत राहिलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी ओरडून म्हटलं, "भाजीले मीठ नाई."

बाबांचा घास हातातच राहिला. "तुलेही तसंच लागते?"

"हो."

"मले वाटलं, मलेच."

आईच्या बीपीसाठी मावशींना मीठ कमी टाकायला सांगितलं होतं. आई गेल्यावर वाढवा म्हणून कोणीच सांगितलं नाही. दहा महिने आम्ही दोघं दोन खोल्यांत बसून तेच अळणी जेवलो, आणि दोघांनीही समजून घेतलं की आपली जीभ गेली. दोघांनीही दुसऱ्याला त्रास नको म्हणून सांगितलं नाही.

बाबा उठले, स्वयंपाकघरातून मिठाची बरणी घेऊन आले आणि चिमटी माझ्या भाजीवर धरली.

"बस का?" कूलरच्या आवाजावर ते ओरडले.

"अजून थोडं," मी ओरडले. मला रडू येत होतं.