होणाऱ्या व्याह्यांची फाईल

माझं लग्न ठरताना माझ्या वडिलांनी मुलाची चौकशी केली ती त्याच्या सोसायटीखालच्या इस्त्रीवाल्याकडे. मुलगा बोलतो कसा, घरातून भांडणाचे आवाज येतात का, आई कजाग आहे का. मग मुलाच्या ऑफिसात एक लांबचा ओळखीचा हुडकून काढला. 'चौकशी केली, ठीक आहे मंडळी,' असं त्यांनी घरी येऊन सांगितलं आणि आईने गव्हल्या करायला घेतल्या. त्यात कुणाला काही गैर वाटलं नाही. नवऱ्याला हे लग्नानंतर कळलं तेव्हा तो पोट धरून हसला होता.

त्यामुळे लेकीने केंब्रिजहून फोन करून तिच्या मित्राबद्दल सांगितलं आणि आता ते लग्न करणार आहेत असंही सांगितलं, तेव्हा चौकशी करायची हे मी मनात धरूनच चालले. मुलगा तिच्याच लॅबच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये संशोधन करत होता. आई-वडील लंडनच्या पिनर भागात राहणारे, मूळचे नागपूरचे. वडील अकाउंटंट, आई फार्मासिस्ट. मग तिने आडनाव सांगितलं. मी 'वा!' म्हणाले. फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "तुझं ते 'वा' जरा उशिरा आलं."

मी त्याच्यावर चिडले. मी काय त्या काळातली आहे का, असं बरंच काही बोलले. कुटुंब बौद्ध आहे हे आडनावावरून कळलं होतं आणि त्याने मला काडीचाही फरक पडत नाही, हेही मी बजावून सांगितलं. तो वर्तमानपत्रात डोकं घालून बसला. आमच्या घरात वाद संपल्याची ती खूण असते.

पण इथे इंग्लंडात, रीडिंग गावात बसून पिनरच्या माणसांची चौकशी करायची कुठे? इथे इस्त्रीवाला नाही, वॉचमन नाही, आणि शेजारी तर स्वतःच्या शेजाऱ्याबद्दलही 'लव्हली पीपल' यापलीकडे काही सांगत नाहीत. दिवाळीच्या फराळाला आम्ही दहा-बारा घरं जमतो, तिथे मी एका मैत्रिणीला सहज विचारल्यासारखं करून विचारलं. ती पूर्वी त्या बाजूला राहायची. चकली मोडता मोडता ती म्हणाली, "अगं, ते ना? त्यांची काहीतरी कोर्टात केस झालेली. काउंटी कोर्टात. आपल्यापैकीच कुणाशी तरी. नेमकं काय ते मला नाही माहीत हं."

'नेमकं काय ते माहीत नाही' हे वाक्य माझ्यासारखीला सांगू नये. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्याच्या कामात खोट शोधण्याचा मला पगार मिळतो, आणि ती सापडेपर्यंत मला जेवण जात नाही.

आधी मी ऑनलाइन रजिस्टर बघितलं. काउंटी कोर्टाने, म्हणजे इथल्या दिवाणी न्यायालयाने, कुणाविरुद्ध पैशाचा निकाल दिला असेल तर तो तिथे नाव-पत्ता घालून कुणालाही शोधता येतो. थोडी फी भरली. मुलाचं नाव घातलं, वडिलांचं घातलं, आईचंही घातलं. काही नाही. एवढ्यावर शहाण्या माणसाने चहा टाकला असता. मी मात्र आणखी वाचत गेले. वाचता वाचता कळलं की पैशाच्या निकालांशिवाय इतर दावे असे एका जागी शोधता येतच नाहीत. ते ज्या त्या कोर्टाच्या फाईलमध्ये पडून असतात. कोर्ट कुठलं ते माहीत हवं आणि दाव्याचा नंबर हवा.

मी अंदाजाने कोर्टाला फोन लावला. 'तुम्ही रांगेत आहात' हे ऐकत लंच ब्रेकमध्ये ऑफिसच्या कार पार्कमध्ये गाडीत बसून राहिले, कारण आत कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होते? दोन-तीनदा फोन कटला. एकदा चुकीचं कोर्ट निघालं. शेवटी ईमेल केला: पक्षकाराचं नाव हे, साल साधारण अमुक. काही आठवड्यांनी उत्तर आलं. असा दावा आहे, हा त्याचा नंबर. तुम्ही पक्षकार नाही, त्यामुळे त्रयस्थ म्हणून तुम्हाला दावा, त्यावरची कैफियत आणि कोर्टाचा आदेश एवढंच मिळेल. फी भरा. मी भरली. नवऱ्याला सांगितलं नाही.

पानं आली ती मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचली. पिनरचे ते गृहस्थ वादी होते. म्हणजे त्यांच्यावर कुणी केस केली नव्हती, केस त्यांनीच केली होती. एक घर विकून दुसरं घेईपर्यंत काही महिन्यांसाठी त्यांनी भाड्याने घर ठरवलं होतं. घरमालक मराठी. बोलणी झाली होती, सह्या व्हायच्या होत्या. किल्ली घ्यायला नवरा-बायको गेले तेव्हा नव्या घरात पहिलं पाऊल म्हणून त्यांनी बुद्धाची मूर्ती नेली होती आणि तिच्याबरोबर निळ्या कोटातली ती तसबीर, जी बघितली की आपल्याकडे कुणालाच आडनाव विचारावं लागत नाही. घरमालक बाहेर जाऊन फोन करून आला. किल्ली आज मिळणार नाही म्हणाला. संध्याकाळी मेसेज आला की घर दुसऱ्यांना दिलं. ते घर पुढे कित्येक आठवडे रिकामं होतं आणि जाहिरात तशीच चालू होती. दाव्यात जातीवरून भेदभाव असा शब्द होता, साध्या इंग्रजीत, पहिल्याच पानावर. कैफियतीत घरमालकाने सगळं थोडक्यात नाकारलं होतं. सुनावणीआधी तडजोड झाली. तिच्या अटी त्या पानांत नव्हत्या.

आता जे सांगते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते वाचून मला त्या माणसांची कीव आली नाही, त्या घरमालकाचा रागही आला नाही. माझा हिरमोड झाला. हाती काहीच लागलं नाही, असं वाटलं. मी त्या पानांमध्ये लबाडी शोधत होते, एखादी बुडवाबुडवी, मारामारी, काहीही. लेकीसमोर टेबलावर ठेवून 'बघ, मी तुझ्या भल्यासाठी सांगत होते' असं म्हणता येईल असं काहीतरी. ते मिळालं नाही म्हणून मी नाराज झाले होते.

तिथेही मी थांबले नाही. माझं डोकं दुसरीकडे धावायला लागलं. माणूस भांडखोर तर नसेल? एवढ्यातेवढ्यावरून कोर्टात जाणारा? तडजोड झाली म्हणजे त्याचंही काही चुकलंच असेल. घरमालकाची बाजू सविस्तर कळायला हवी. कैफियतीत ती नव्हती. ती त्याच्या साक्षीच्या लेखी निवेदनात असणार. ते मिळायला मात्र न्यायाधीशांची परवानगी लागते आणि त्यासाठी वेगळा अर्ज. अर्जात कारणाचा रकाना होता. मी लिहिलं की आमच्या मुलीचं या कुटुंबात लग्न ठरत आहे, त्यामुळे प्रतिवादीचं म्हणणं जाणून घेणं आम्हाला आवश्यक वाटतं. 'आम्हाला' असं लिहिलं, नवऱ्याला न विचारता. खाली, वरील मजकूर खरा आहे, म्हणून सही केली.

मला वाटलं होतं, कोर्ट वाचेल, हो किंवा नाही म्हणेल आणि विषय मिटेल. चौकशी म्हणजे पाठीमागे, गुपचूप करायची गोष्ट. ज्याची करायची त्याला कळू न देणं ही तर तिची पहिली अट. इस्त्रीवाला काही जाऊन नवऱ्या मुलाला सांगत नाही. इथल्या न्यायाधीशांनी मात्र सांगितलं की ज्यांची फाईल आहे त्यांना आधी कळवा, त्यांची काही हरकत असेल तर ऐकू. हा कागद मलाही आला असणार, पण मी तो उघडून बघायच्या आतच पिनरहून मुलाच्या वडिलांचा फोन आला.

"नमस्कार वहिनी," ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता. आम्ही त्याआधी फक्त एकदा व्हिडिओ कॉलवर बोललो होतो, आणि पुढच्या रविवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. "कोर्टाकडून लेटर आलंय. तुमचं नाव बघून मला आधी वाटलं की कुणीतरी तुमच्या नावाने फ्रॉड करतंय. म्हटलं, लगेच कळवावं."

फ्रॉड आहे असं सांगून टाकावं, असा विचार माझ्या मनात आला होता. खोटं कशाला बोलू, अगदी ओठांवर आलं होतं.

"म्हणजे तुम्हीच केलंय," ते म्हणाले.

"हो."

"माझा क्लेम तुम्ही वाचलाय?"

"हो, वाचलाय."

"तो वाचून झाल्यावर तुम्ही घरमालकाचं स्टेटमेंट मागितलंत. माझंही स्टेटमेंट आहे त्या फाईलमध्ये, माझ्या मिसेसचंही आहे. ते नाही मागितलंत तुम्ही. वहिनी, मी ऑब्जेक्शन घेणार नाही. वाचायचं असेल तर वाचा. पण एक सांगतो. आमच्या मुलाला यातलं काही माहीत नव्हतं. तो तेव्हा युनिव्हर्सिटीत होता, फायनल्स चालू होत्या. त्या घरात डॅम्प होतं, भिंतींना ओल होती, म्हणून नाही घेतलं, असं आम्ही त्याला सांगितलं होतं. वीकेंडला तो घरी आला होता. मी गार्डनमध्ये होतो, हात मातीचे, म्हणून लेटर उघडून वाचायला मी त्यालाच सांगितलं. त्याने मोठ्याने वाचलं."

मी 'सॉरी' म्हणाले. दुकानात कुणाला धक्का लागला की म्हणतो तसं निघालं ते तोंडातून.

"रविवारचं काय करायचं ते मिसेसशी बोलून सांगतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला. ते रागावले असते, ओरडले असते तर मला उलट बोलता आलं असतं. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही. त्या दिवशी मी ओट्याशी उभी राहिले आणि कानांपासून मानेपर्यंत भाजल्यासारखं होत राहिलं. त्यांच्या मुलाने ते पत्र मोठ्याने वाचलं असेल तेव्हा माझं कारण, माझं ते 'आवश्यक वाटतं', त्या बागेत ऐकू गेलं असणार.

नवऱ्याला मग सगळं सांगावं लागलं. त्याने माझ्या अर्जाच्या प्रतीत 'आम्हाला' हा शब्द वाचला आणि तो कागद माझ्याकडे परत दिला. एवढ्या वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदाच न बोलता झोपायला गेला. अर्ज मागे घेते असा ईमेल मी त्याच संध्याकाळी कोर्टाला पाठवला. ते करून मला थोडं बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीही लाज वाटली.

शनिवारी सकाळी लेक आली. केंब्रिजहून रीडिंगला यायचं म्हणजे लंडनमध्ये गाडी बदलून यावं लागतं. ती एरवी स्टेशनवरून फोन करते, बाबा घ्यायला जातो. त्या दिवशी ती चालत आली आणि कोट न काढता हॉलमध्ये उभी राहिली. मी चहा ठेवू का विचारलं. तिने मानेनेच नको म्हटलं.

"आई, मी ट्रेनमध्ये एकच गोष्ट विचार करत होती," ती म्हणाली. तिची मराठी इथली आहे, अडखळत येते, पण त्या दिवशी तिने इंग्रजीचा आधार घेतला नाही. "माझा पहिला बॉयफ्रेंड. पुण्याचा. तो इथे आला होता, दोन ख्रिसमस आधी. तू त्याची पण चौकशी केला होता?"

"नाही."

"रजिस्टर बघितला? कोर्टात फोन?"

"नाही गं."

"त्याचे डॅड काय करतात, तुला माहीत आहे?"

मी आठवून बघितलं. तो मुलगा चार दिवस आमच्याकडे राहिला होता. मी त्याला शिरा करून घातला होता, स्वेटर आणला होता. तो तिच्याशी पुढे किती वाईट वागला हे आम्हाला नंतर कळलं, आणि तेव्हाही मी नशिबाला दोष दिला होता. त्याचे वडील काय करतात हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्यांचं नावही मला ठाऊक नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "मला फक्त आडनाव माहीत होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली, पुढचं मी बोलायची वाट बघत. तिला उत्तर आधीच कळलेलं होतं. ते माझ्या तोंडून ऐकायला ती एवढ्या लांब आली होती.

"आपल्यातलं होतं," मी म्हणाले. "म्हणून पुरलं. जातीमुळे."

आमच्या घरात हा शब्द मी लेकीसमोर कधी उच्चारला नव्हता. मी मोठ्या तोंडाने सांगायचे की आमच्याकडे तो वापरतच नाहीत.

"हे तू पिनरला सांगशील? त्यांना?"

"सांगेन."

"रविवारी नाही. रविवारचं त्यांनी कॅन्सल केलंय." तिने खुंटीवरून माझा कोट काढला आणि माझ्यासमोर धरला. "आत्ता चल."

मी कोट घातला. दाराशी आल्यावर, अर्ज मी मागे घेतलाय हे तिला सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि तसंच मिटून तिच्यामागून बाहेर पडले.