गयाबाईंनी राखलेल्या बॅटऱ्या

शेवगावच्या पुढच्या एका गावातल्या गयाबाईंचं नाव आधी लिहितो. त्या नसत्या तर मी वेळेत घरी पोचलो नसतो. बाकीचं सगळं त्यानंतरचं.

आमचं गाव साकोलीकडचं, धानाच्या बांध्यांमधलं. नववीत शाळा सुटली आणि मोबाईल टॉवरची वीज सांभाळायच्या कामाला लागलो. या हिवाळ्यात ठेकेदाराने नगर जिल्ह्यात पाठवलं, त्याला आता अहिल्यानगर म्हणतात. निघालो तेव्हा बाबा खाटेवर होते, पण बोलत होते. "जाय, काम सोडू नको," म्हणाले. मी दारातून दोनदा मागे फिरलो. एकदा चार्जर राहिला म्हणून, एकदा उगीच.

नगरहून शेवगावची एसटी धरली. मांडीवर पोत्यात गुंडाळलेला रेक्टिफायर (तारेतून आलेली वीज बॅटरीला चालेल अशी करून देणारं यंत्र). कंडक्टर पोत्याकडे बघून म्हणाला, "लेकराचं हाफ फाडू का?" आजूबाजूचे हसले. मीही हसलो, पण पोतं उतरेपर्यंत खाली ठेवलं नाही. खिडकीबाहेर काळी रानं, वेचून झालेला कापूस, तुरीच्या वाळत्या ओळी. आमच्याकडे थोडं चाललं की तळं लागतं. इथे डोळे पाणी शोधत राहिले आणि दमले.

पुढे दुधाच्या टेम्पोने गावात पोचलो. आधी टॉवर दिसला, मग घरं. निम्म्या दारांना कुलपं. धडधाकट माणसं ऊसतोडीला लांबच्या फडांवर (तोडणी चालू असलेल्या उसाच्या रानांत) गेलेली, मागे म्हातारी आणि शेरडं (शेळ्या). कुंपणाची किल्ली गयाबाईंकडे होती, कारण टॉवर त्यांच्याच रानाच्या कडेला.

"आलास व्हय? लई दिस झालं, हे मुकंच हाय. पोरं तिकडं, आमी हिकडं."

"डीपी (रोहित्र) जळाला होता ना, मावशी?"

"डीपी बदलला की. घराघरात लाईट आली, ह्यालाच जाग न्हाई." माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "तू बी उपाशीच दिसतोस. आधी खा."

शेंगोळे वाढले (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, लसणाच्या रश्शात शिजवलेल्या). इतकं तिखट की डोळ्यांतून पाणी आलं. "रडू नगं, अजून हाय," म्हणाल्या आणि आणखी वाढलं.

मग टॉवरखालचं यंत्रांचं कपाट उघडलं. आत जो कंट्रोलर असतो तो त्या कपाटाचा कारभारी. आलेल्या विजेतली किती टॉवरला द्यायची, किती बॅटऱ्यांत साठवायची, हे तो बघतो. वीज गेली आणि बॅटऱ्या फार खाली उतरल्या, की त्या मरू नयेत म्हणून तो टॉवरलाच बंद करतो. तसंच झालं होतं. त्यात वीज परत आली ती दोन्ही रेक्टिफायर जाळून. मी आणला होता एकच, तो बसवला. रिकाम्या बॅटऱ्या हपापल्यासारखी वीज ओढतात आणि तापतात, आणि इथली एक तर आधीच कडेने फुगलेली. म्हणून कंट्रोलरमध्ये बॅटऱ्यांचा वाटा कमी बांधून दिला, टॉवरला आधी.

हिरवा दिवा लागला. थोड्या वेळाने लिंबाखाली बसलेल्या म्हाताऱ्यांचे फोन एकेक करून वाजायला लागले. गयाबाई मुलाशी जोरजोरात बोलत होत्या, "नातीला टोपडं घाल रं, कोपीत (पाचटाच्या झोपडीत) गारठा असंल."

मग माझा वाजला. बहीण होती.

"दादा, काऊन लागत नोहता फोन? बाबाचं काही खरं नाही. तुलेच पुसून रायले."

ठेकेदारसाहेबांना फोन केला. "बॅटऱ्या सावरेपर्यंत हलू नको," म्हणाले, "दुसरा माणूस उद्या येईल. तोवर काही झालं तर तुझं काम गेलं समज." घरात कमावणारा मी एकटा. मी कपाटासमोर बसून राहिलो.

गयाबाई आल्या. सगळं ऐकून घेतलं. "मग बसलास कशाला?"

"बॅटऱ्या तापल्या तर, मावशी?"

त्यांनी हाताची मागची बाजू फुगलेल्या बॅटरीला लावली, आजारी गाईचा कान बघतात तशी. "आत्ता कोमट हाय. ह्याच्या वर गेली तर काय करायचं, तेवढं सांग."

मी बॅटऱ्यांचा खटका दाखवला. हा खाली ओढायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. त्यांनी दोनदा ओढून दाखवला. तरी माझा पाय उचलेना.

मग म्हणाल्या, "आमचं मालक गेलं तवा बी हे बंद हुतं. पोरगं फडावर. त्याला निरोप कळला तवर राख सावडून झाली हुती. अजून घरी आला की आधी त्या जागेवर जाऊन बसतो. जा तू. टेम्पो निघंल."

गेलो. मनमाडच्या फलाटावर त्यांचा फोन आला, "गार हायेत डबं. झोप जरा." झोप कसली. गाडी थांबली की मी उठून दारात जायचो, जणू मी उभा राहिल्याने ती लवकर सुटणार होती.

घरी पोचलो. बाबांनी डोळे उघडले. माझं मनगट धरलं. दुपारपर्यंत धरून होते. मग बोटं सैल झाली आणि मला ते कळलं, शेजारी बसलेल्यांना कळायच्या आधी.

संध्याकाळी गयाबाईंना फोन केला. "भेटलास न्हवं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "मग रड आता," म्हणाल्या, आणि फोन न ठेवता तशाच थांबल्या.

माझ्या जागी टॉवरवर गेलेला माणूस नंतर सांगत होता, "बाई कपाटाला हात लावू देईनात. तुझं नाव सांगितलं तेव्हा बाजूला झाल्या. रात्रभर शेरडं तिथंच बांधली होती म्हणे." बॅटऱ्या ठीक होत्या. काम राहिलं.

मी परत नगरकडे आलो आहे. तो टॉवर माझ्याकडे मागून घेतला, दुसरा रेक्टिफायरही बसवला. पण यंत्राचा मला पुरता भरवसा नाही. गयाबाई आता थकल्या आहेत आणि मुलगा दरसाल फडावर जातो. कधीतरी त्याला तातडीने बोलावायची वेळ येईल. त्या दिवशी फोन लागो न लागो, तो ज्या फडावर असेल तिथे मी जाईन आणि त्याला घेऊन येईन, मावशींचा हात धरता येईल इतक्या वेळेत.