जयवंताबाईंची डोकेदुखीची वही

मध्य प्रदेशातल्या लोधीखेड्याच्या जयवंताबाई सोमकुवर रविवार सोडून रोज सकाळच्या बसने सौंसरला जातात. तिथल्या मुलींच्या एका होस्टेलात त्या स्वयंपाक करतात. पन्नास जणींच्या पोळ्या, वरण, भात, भाजी. हाताला चव आणि जिभेला धार, या दोन्हींसाठी त्यांचं नाव आहे. गेल्या वर्षी मात्र त्यांचं डोकं दुखायला लागलं. कुकरची शिटी झाली तरी कपाळात खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. बाम चोळून झाला, दुकानातल्या गोळ्या घेऊन झाल्या. शेवटी सून सुचिता त्यांना ओढतच डॉक्टर श्रुतींच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरांनी बीपी पाहिला, डोळे तपासून घ्यायला सांगितलं आणि म्हणाल्या, "एक वही करा. कधी दुखलं, काय खाल्लं, झोप किती झाली, दिवसभरात काय घडलं, सगळं रोज लिहा. महिन्याने घेऊन या."

बाहेर येताच जयवंताबाई सुनेवर घसरल्या. "गोळी देत नाही अन् अभ्यास देऊन राह्यली! मी काय शाळेतली पोरगी हाव?"

तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून शंभर पानी वही घेतली. दुपारी मुली जेवून शाळेत गेल्या, मोठी पातेली भिजत पडली, तेव्हा त्या कणकेच्या डब्यावर बसल्या आणि पेन उघडला. शिक्षण आठवीपर्यंत, तेही हिंदी शाळेत. लिहायचं म्हणजे हिंदीतच, हे त्यांनी गृहीतच धरलेलं. 'आज दोपहर को सिर में पीड़ा हुई' एवढं लिहायला पाव तास लागला. वाचून पाहिलं तर ती पीडा दुसऱ्याच कुणाला तरी झाल्यासारखी वाटली.

घरी वही पाहून सुचिता हसली. "आई, तुमी बोलता तसंच लिहा नं. कोण तपासून राह्यलं?"

"म्हंजे 'डोक्शात ठणकून राह्यलं' असं लिहू?"

"हाव, तसंच."

झालं. त्या दिवसापासून पेन अडला नाही. डोकेदुखी एका ओळीत संपायची आणि मग पान भरायचं ते इतर गोष्टींनीच. पाचवीतली नवी पोरगी घरच्या आठवणीने रडत होती, तिला गरम पोळी तूप लावून दिली. वॉर्डन भाजीवरून उगाच बोलली. मांजरीला चार पिल्लं झाली, एक अगदी काळं. वॉर्डनशी भांडायचं होतं ते आधी वहीत भांडून व्हायचं आणि मग प्रत्यक्ष भांडायची खुमखुमी अर्धी राहायची. कधी कधी तर सकाळी काही मजेशीर दिसलं की पोळी लाटतानाच त्या मनात वाक्य जुळवायच्या.

मध्येच दिवाळीची सुट्टी आली. घरी पाहुणे, फराळ, गडबड. अकरा दिवस वही उघडलीच गेली नाही. सुट्टीनंतर पहिल्याच दुपारी त्या रिकाम्या तारखा भरायला बसल्या. सोमवारी दुखलं, मंगळवारी नाही, बुधवारी थोडं. चार दिवस असे मनाने रचून झाले आणि त्यांनाच लाज वाटली. चारही ओळींवर काट मारली आणि खाली लिहिलं, 'आठवत नाही. आजपासून पुढं.'

वही डॉक्टरांच्या हातात दिली तेव्हा त्यांना वाटलं होतं, मॅडम तारखा तेवढ्या पाहतील. पण डॉक्टर वाचतच गेल्या. मध्येच त्यांना हसू आलं. मग त्यांनी एक ओळ मोठ्याने वाचली, "'डॉक्टरीन बाई चांगली हाय, पन मानसाकडे पाह्यत नाही, कागदाकडेच पाह्यते.'"

जयवंताबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. "मॅडम, ते... रागाच्या भरात लिहिलं गेलं जी."

डॉक्टर श्रुतींनी पेन टेबलावर ठेवला, खुर्ची वळवली आणि सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "खरं लिहिलंय तुम्ही. आता सांगा. ज्या दिवशी दुखलं ते वार मी वाचते. मंगळवार, शनिवार. पुन्हा शनिवार, मंगळवार. या दोन दिवशी काय असतं?"

जयवंताबाईंनी कपाळावर हात मारला. "जामसांवलीच्या देवळाची गर्दी! हनुमानाचे वार नं ते. बसमदी पाय ठेवाले जागा राह्यत नाही, म्हनून मी आधीची गाडी पकडतो. मंग भाकर खायाले टाइम कुठं? दुपारी दोन वाजेपर्यंत पोटात निस्ता चहा!"

"पन्नास मुलींना जेवू घालता आणि स्वतः उपाशी?"

पुढच्या मंगळवारी सुचिताने रात्रीची भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून दिली. चुली पेटवायच्या आधी जयवंताबाई ती खाऊन घेऊ लागल्या. डोकेदुखी अगदी गेली असं नाही, पण महिन्यातून एखाद्या वेळेवर आली. डॉक्टर म्हणाल्या, आता नाही लिहिलं तरी चालेल. जयवंताबाईंनी मान हलवली आणि दुपारी नेहमीसारख्या डब्यावर जाऊन बसल्या.

त्यांचे पती वामनराव संत्र्याच्या बगीच्यात कामाला जातात. मितभाषी माणूस. एका रविवारी ते चष्मा लावून वही वाचत बसलेले दिसले. पुष्कळ पानं उलटून झाल्यावर म्हणाले, "अवं, यात बसचा कंडक्टर हाय, वॉर्डन हाय, मांजरीचं काळं पिल्लू हाय. मी कुठं हाव?"

"तुमच्यानं कधी डोकं दुखलं नाही."

यावर खूश व्हावं की रुसावं, हे वामनरावांना कळेना. "ते ठीक हाय. पन नाव तं येऊ दे एकदा."

पुढच्या रविवारी ते सगळ्यांच्या आधी उठले. स्वयंपाकघरातून कांद्याचा वास आला, डबे आपटल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने सासू-सुनेसमोर पोह्यांच्या बशा आल्या. वामनराव दोघींच्या तोंडाकडे बघत राहिले. दुपारी जयवंताबाईंनी वही उघडली आणि लिहिलं, 'आज यायनं पोहे केले. मीठ जास्त. मी दोनदा घेतले.'

संध्याकाळी वामनरावांनी ते पान सुनेला मोठ्याने वाचून दाखवलं. मधलं वाक्य गाळून.