त्याने क्लिप लावली होती

दत्ता निष्काळजीपणाने मेला नाही.

हे वाचून ज्यांना राग येणार आहे, त्यांना खुशाल येऊ दे.

आज वर्ष झालं. सकाळपासून कंपनीतल्या साहेबलोकांचे स्टेटस बघतेय. दत्ताचा हार घातलेला फोटो, खाली भावपूर्ण श्रद्धांजली आणि जोडलेले हात.
हात जोडायला काय लागतं?

ओळखत नसाल तर सांगते. दत्ता पळसदरीचा. कर्जतला अकरावी-बारावीत माझा लॅब पार्टनर. चार्ज, फील्ड हे सगळं मी पाठ करायचे, त्याला ते कळायचं. लॅबमधला चार्ज दाखवणारा इलेक्ट्रोस्कोप फुटला, तेव्हा त्याने लोणच्याची बरणी, तांब्याची तार आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी घेऊन नवा केला. केसांवर घासलेला कंगवा जवळ नेला की आतली दोन पानं फाकायची.
"बघ वैशे, दिसत नाय पन हाय," म्हणायचा.

मी एमएस्सी करून फिजिक्सची मॅडम झाले. तो खालापूरकडच्या एका केमिकल कंपनीत लागला आणि शेवटपर्यंत सॉल्व्हंटचे ड्रम भरत राहिला.

सॉल्व्हंट पाइपातून वाहताना चार्ज तयार होतो. तो ड्रमवर साठला तर ठिणगी पडते, आणि वर पेट घेणारी वाफ तर असतेच. म्हणून ड्रमपासून एक वायर अर्थिंगच्या लोखंडी पट्टीला क्लिपने जोडायची. क्लिप उघड्या लोखंडाला भिडली की चार्ज जमिनीत जातो, मध्ये रंग आला तर नाही. एवढंच.

हा माणूस आमच्या घरी आला तरी आधी अंगावरचा चार्ज घालवायला खिडकीच्या गजाला हात लावायचा. मी चिडवायचे. तो म्हणायचा, सवय मोडली की संपलो.
असा माणूस क्लिप विसरेल?

त्या दिवशी सकाळी त्याचा व्हॉइस मेसेज आला होता. जसाच्या तसा लिहिते.

"वैशे, सेफ्टी बघायला पाहुणे येनार म्हणून यांनी अर्थिंगच्या पट्टीलाच पिवळा ऑइलपेंट फासलाय. क्लिप लावलीय, पन ती रंगावर बसलीय. कानस घेऊन खरवडायला गेलो, तं साहेब म्हनतो पाहुणे जाईस्तोवर हात लावू नको. आता तूच सांग मॅडम, चार्ज काय पाहुणे जायची वाट बघनार हाय का गं?"

सेफ्टी बघायला येणार होते. सेफ्टी!

आणि मी काय उत्तर दिलं? तीन हसरे चेहरे. वर 'उद्या वर्गात हाच प्रश्न विचारते.'
'आज ड्रम भरू नकोस' एवढं लिहायला माझी बोटं झडली होती का?

पाहुण्यांना चालू लाइन दाखवायची होती, म्हणून भरणं थांबवलं नाही. जेवणाच्या सुट्टीआधी ड्रम पेटला.

रिपोर्टात आलं, 'कामगाराने अर्थिंग केले नाही.' त्याच्या बायकोलाही साहेबांनी घरी येऊन हेच सांगितलं, आणि वर तिचाच चहा पिऊन गेले.

माझा सख्खा भाऊ त्याच कंपनीत आहे. आगीनंतर त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, क्लिप पट्टीवरच होती. पण त्याची नोकरी जाईल म्हणून तो गप्प बसला, मीही बसले. वर्षभर. साहेबांना शिव्या घालताना स्वतःला वगळत नाहीये.

दत्ताची मुलगी यंदा अकरावीला माझ्याच वर्गात आहे. गेल्या आठवड्यात चार्जचा हाच धडा घेतला. तास संपल्यावर सगळी पोरं गेली, ती थांबली.

"मॅडम, पप्पांनी खरंच क्लिप लावली नव्हती का?"

मी फळा पुसत राहिले. म्हटलं, उशीर होतोय, घरी जा.
मोबाइलमध्ये तिच्या बापाचा आवाज होता, आणि मी तिला घरी जा म्हटलं.

आज सकाळी भावाला विचारलं, हे सगळं लिहून इथे टाकू का? तो बराच वेळ बुटाची नाडी बांधत बसला. मग म्हणाला, "टाक ताय. कोनी इचारलं तं मी बी सांगतो."

तर साहेब, मेसेज माझ्याकडे आहे. ज्याला ऐकायचा असेल त्याने यावं. आधी दत्ताच्या पोरीला ऐकवणार आहे, आज संध्याकाळी, पळसदरीला जाऊन.

बाळ, तू विचारलं होतंस ना?
तुझ्या पप्पांनी क्लिप लावली होती.

दत्ता, उत्तर द्यायला एक वर्ष लावलं रे तुझ्या पार्टनरने.
जा म्हणवत नाही. ये आता.