बाजूला व्हा

बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे दीड माणूस मावेल एवढी खोली होती. तिथे बाई सव्वीस वर्षं माइकसमोर बसत आल्या होत्या. गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांचा चेहरा पाहिलेला नव्हता, पण आवाज मात्र शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्याकोताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या अंगात मुरलेला. "फलाट चारवर गाडी मागे येत आहे, बाजूला व्हा!" असं त्या म्हणाल्या की फलाट कितवा हे ऐकायच्या आधीच माणसं दोन पावलं सरकायची. एकदा माइक आठ दिवस बिघडला. बाईंनी खिडकीतून नुसत्या तोंडावर काम निभावलं. तक्रार एकच आली, की आवाज फार मोठा येतोय.

अशा बाईच्या पोटी अडखळत बोलणारा मुलगा जन्मावा? दैवालाही कधीकधी थट्टा सुचते, आणि दरवेळी ती चांगलीच असते असं नाही.

मुलगा चार वर्षांचा असताना नवरा गेला. तेव्हापासून घरात दोन माणसांचं बोलणं बाई एकट्याच बोलायच्या. मुलगा "प... प..." करेपर्यंत पाण्याचा पेला त्याच्या हातात आलेला असायचा. दुकानात, शाळेत, दवाखान्यात त्याची वाक्यं बाईच सुरू करायच्या आणि बाईच संपवायच्या. प्रेमापोटी करायच्या, यात शंकाच नाही. पण प्रेमाने का होईना, दुसऱ्याच्या ताटातला घास आपण खाल्ला तर तो उपाशीच राहतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? बोलायला जागा कुठे होती!

शेवटी ते मुलानेच सांगितलं, अकराव्या वर्षी. फुटबॉलचे बूट घ्यायला दोघं दुकानात गेली होती. कुठले दाखवू, असं दुकानदाराने विचारलं. मुलाने तोंड उघडलं, "ल... ल..." आणि बाई म्हणाल्या, "लाल." लाल बूट बांधून मिळाले. मुलाला लेदरचे हवे होते. घरी येताना तो रस्त्यात मध्येच उभा राहिला आणि म्हणाला, "आई, माझं वाक्य मला संपवू दे." एवढं म्हणायला त्याला इतका वेळ लागला की तेवढ्यात समोरून दोन बस गेल्या. बाईंनी त्या मोजल्या. त्यांना फार लाजल्यासारखं झालं आणि त्यांनी कानाला खडा लावला.

बाई घशासाठी तोंडात नेहमी लवंग ठेवायच्या. त्या दिवसापासून मुलगा बोलायला लागला की ती लवंग दाताखाली दाबून धरायची, असं त्यांनी ठरवलं. वाक्य लांबलं की लवंगेचा भुगा व्हायचा. महिन्याला एक पुडी लागायची ती दोन लागायला लागली, पण शब्द पाळला. आणि लाल बूट मुलाने दोन वर्षं वापरले. रोज दारात ते दिसत, म्हणून बाईंना वचन विसरायची सोयच नव्हती.

मुलाचे हात लांब, पंजे सुपाएवढे. शाळेत त्याला गोलमध्ये उभं केलं ते त्यासाठीच, आणि तोही खूश. गोलकीपरला काय, हातांचं काम, तोंडाचा संबंध नाही, असं त्याला वाटलं. बाईंनाही तसंच वाटलं. मायलेकांची ही सगळ्यात मोठी चूक. कारण अख्खं मैदान समोर दिसतं ते एकट्या गोलकीपरलाच. पुढच्यांना ओरडून सांगायचं, हा धर, तो सोड, मी येतोय, बाजूला हो, हे अर्धं काम तोंडाचंच. शाळेत हे खपून गेलं. एकोणिसाव्या वर्षी मोठ्या शहरातल्या मोठ्या संघाने त्याला घेतलं, आणि तिथे घोडं अडलं.

तिथला प्रशिक्षक दिवसातून वीस वेळा ओरडायचा, "तोंड उघड!" जणू काही पोराला तेवढंच सुचलं नव्हतं. सोबतचे त्याला मौनी म्हणायला लागले. चौदा महिने तो बाकावर बसला आणि मग एकदाची त्याला पूर्ण मॅच मिळाली. बाई रजा टाकून, सहा तास बस बदलत गेल्या आणि बाराव्या रांगेत जाऊन बसल्या.

तासभर सगळं छान चाललं होतं. मग एक उंच चेंडू गोलसमोर आला. मुलगा तो पकडायला पुढे धावला, आणि त्याच चेंडूकडे बघत त्याच्याच संघाचा एक बचावपटू उलटा मागे येत होता. एक शब्द हवा होता, "सोड!" बाईंना बाराव्या रांगेतून मुलाच्या मानेची शीर दिसली, उघडलेले ओठ दिसले, आणि त्यात अडकलेला शब्दही दिसला. तो त्यांच्या स्वतःच्या तोंडात तयार होता. त्यांनी लवंग चावली.

दोघं धडकून पडले. चेंडू त्यांच्या शेजारून घरंगळत, कसलीही घाई न करता गोलमध्ये गेला. "मुका गोलकीपर म्हणजे कडी नसलेलं दार," असं प्रशिक्षक पेपरवाल्यांना म्हणाला, आणि ते छापूनही आलं. हंगाम संपल्यावर संघाने करार वाढवला नाही. मुलगा दोन बॅगा घेऊन परत आला.

त्या मॅचला तीस हजार माणसं होती आणि बाईंचा आवाज कितीही दणदणीत असला तरी बाराव्या रांगेतून गोलपर्यंत पोचला नसता. हे त्यांना कळत होतं. पण कळतं आणि वळतं यात अंतर असतं. ऐन वेळी आपण मूग गिळून बसलो, ही सल त्यांच्या मनातून जाईना. कुणाला सांगताही येईना, कारण वचन पाळलं म्हणून रडणाऱ्या बाईला कोण समजून घेणार?

मुलगा स्टँडवरच्या पार्सल ऑफिसात लागला. बसच्या टपावरून हमाल गठ्ठे खाली टाकायचे आणि हा ते झेलायचा. "बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही," असं एक ड्रायव्हर बाईंना ऐकू जाईल असं म्हणाला. त्या दिवशी त्याच्या गाडीची सूचना बाईंनी जरा उशिराच दिली. माणूसच आहे, राग येतो.

गावातही एक संघ होता, दुसऱ्या दर्जाचा. पगार वेळेवर द्यायचा आणि मॅच वेळेवर हरायचा. त्याचा कप्तान बचावपटू, पस्तिशीचा, मानेने बैलासारखा, स्वभावाने गायीसारखा. तो एकदा जाळ्यांचं पार्सल न्यायला आला आणि पावती हातात धरून अर्धा तास तिथेच उभा राहिला. टपावरून अकरा गठ्ठे आले, वेडेवाकडे, दोन तर पाठीमागून. एकही खाली पडला नाही.

"तू गोलकीपर होतास ना? मग सोडलंस का?" कप्तानाने विचारलं.

खिडकीतून बाईंना सगळं दिसत होतं. मुलाने सांगायला सुरुवात केली. तो दोनदा अडला, तिसऱ्यांदा थांबला. बाईंनी लवंग दाबली. आणि त्यांच्या लक्षात आलं की कप्तान वाट बघतोय. घड्याळाकडे बघत नव्हता, मान हलवून घाई करत नव्हता, नुसता उभा होता. एवढ्यात एक बस लागली आणि बाई सूचना द्यायची विसरल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच.

सगळं ऐकून झाल्यावर कप्तान म्हणाला, "बरं. मग तू बोलू नकोस. हात दाखव. बघायचं काम आमचं."

त्याने संघात नियम केला. उंच चेंडू येताना बचावपटूने आधी मागे वळून गोलकीपरकडे बघायचं. त्याने दोन्ही पंजे पुढे केले तर बाजूला व्हायचं, एक हात झटकला तर चेंडू बाहेर मारायचा. जो बघायला विसरेल त्याने सगळ्यांचे चिखलाचे बूट धुवायचे. पहिला महिनाभर बुटांची चैन झाली आणि मालिशवाला म्हणाला, "या पोरांच्या माना धरल्यात, मला पगार वाढवून द्या." पण दुसऱ्या महिन्यापासून मजा व्हायला लागली. सतत मागे बघायची सवय लागल्यामुळे पाठीमागून घुसणारे खेळाडूही चौघा बचावपटूंना आधीच दिसायला लागले. त्या हंगामात या संघाने सगळ्यात कमी गोल खाल्ले. मौनी हे नाव शहरातच राहिलं. इथे सगळे त्याला पंजा म्हणायला लागले.

बाई एकही मॅच चुकवत नसत. गोलच्या मागे तिसऱ्या रांगेत बसायच्या. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तेव्हा बाईही पिशवी आणि उशी उचलून मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जायच्या. चार माणसं मान वळवून आपल्या मुलाकडे बघतात, हे बघताना त्यांचा ऊर भरून यायचा. आपण जन्मभर त्याच्या वतीने बोललो, त्याच्याकडे असं कधी बघितलं का? हा प्रश्न त्यांना बोचायचा आणि तरी बरं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी हंगामाची शेवटची मॅच आली. बरोबरी झाली तरी संघ वरच्या दर्जात जाणार होता, इतिहासात पहिल्यांदा. हरला तर होता तिथेच. रचून सांगायचं असतं तर समोर मुलाचा जुना संघच आणला असता, पण तो नव्हता. भलताच कुठलातरी होता, आणि चांगला खेळत होता.

दहा मिनिटं उरली होती, एक-एक बरोबरी होती, आणि कप्तानाच्या पोटरीत गोळा आला. त्याला दोघांनी धरून बाहेर नेलं. त्याच्या जागी आला एक नवा बचावपटू. महिन्यापूर्वीच संघात आलेला, गावातलाच, रोज बसने सरावाला येणारा. नियम त्याला पाठ होता. पण पाठ असणं वेगळं आणि अंगवळणी पडणं वेगळं.

शेवटच्या मिनिटाला समोरच्यांना कॉर्नर मिळाला. मैदान छोटं, माणसं चार हजार, आणि त्या क्षणी कुणी हूं की चूं करत नव्हतं. चेंडू उंच आला. मुलगा दोन्ही पंजे पुढे करून धावला. बाकीच्या तिघांनी वळून बघितलं. त्या नव्या पोराने बघितलं नाही. डोळे चेंडूवर लावून तो उलटा मागे यायला लागला.

बाई ताडकन उठल्या. तेच चित्र होतं. तीच शीर, कॉर्नरकडे वळलेल्या चेहऱ्यावर तेच उघडलेले ओठ. बारा वर्षांचं वचन एका बाजूला आणि पोराची दोन वर्षांची मेहनत एका बाजूला. विचार करायला वेळ मिळाला असता तर बाईंनी पुन्हा लवंगच चावली असती. वेळ मिळाला नाही.

"बाजूला व्हा!"

माइक नव्हता. गरजही नव्हती. नव्या बचावपटूने विचार केला नाही, वळून बघितलं नाही, गावातलं कुणीही करेल तेच केलं. टुणकन दोन पावलं बाजूला उडाला. त्याच्याबरोबर आपले आणखी दोघं उडाले. कडेला उभा असलेला पाणीवाला मागे सरला. बाईंच्या पुढच्या रांगेतल्या आजोबांनी पाय आखडून घेतले. समोरच्या संघातले तेवढे जागेवर राहिले, कारण ते बाहेरगावचे. पण ते उडी मारेपर्यंत उशीर झाला होता. चेंडू हवेत एकटा होता आणि त्याच्या खाली दोन लांब हात होते.

मुलाने तो छातीशी धरला आणि जमिनीवर पडून राहिला. मग मान उचलून त्याने गोलच्या मागे बघितलं. बराच वेळ बघितलं.

पंचाने शिट्टी वाजवली. चार हजार माणसं मैदानात उतरली. बाई मात्र पिशवी आणि उशी उचलून फाटकाकडे निघाल्या, चोरासारख्या. संघ वर गेला याचा आनंद त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्यांना एवढंच दिसत होतं की सगळ्या गावादेखत आपण पोराच्या तोंडातला शब्द काढून घेतला. ज्याने आपलं वाक्य एवढ्या कष्टाने मिळवलं, त्याचा घास आपण पुन्हा खाल्ला. जित्याची खोड, दुसरं काय!

फाटकाशी लंगडत आलेल्या कप्तानाने त्यांना अडवलं. "काकू, पळता कुठे? तो शोधतोय तुम्हाला."

मुलगा त्याच्या मागेच होता. अंगभर चिखल, हातमोजे अजून चढवलेलेच. बाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "चुकलं रे माझं. तोंडातून निघून गेलं."

 तो बोलायला लागला होता, पण शब्द यायचा होता. बाईंनी सवयीने लवंग शोधली. ओरडताना ती कुठे उडाली कुणास ठाऊक. त्यांनी ओठच दातात धरला. कप्तान भिंतीला टेकून उभा राहिला आणि वाट बघायला लागला.

"आई," मुलगा म्हणाला. "पु... पुढच्या वेळी..."

बाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. पुढच्या वेळी काय, ते त्यांना माहीत होतं. पुढच्या वेळी येऊ नकोस. पण त्या गप्प राहिल्या. बाहेर रस्त्यावरून एक बस गेली.

"ज... जरा ल..."

लांब बस, असणार. दुसरं काय असणार? शब्द त्यांच्या जिभेवर येऊन उभा होता. त्यांनी तो गिळला. लाल बूट त्या विसरल्या नव्हत्या. दुसरी बस गेली.

"ल... लवकर ओरड," मुलगा म्हणाला. आणि हसत, चिखलाच्या दोन्ही पंजांनी, त्याने आईच्या हातातली उशी काढून घेतली.